उत्तर नको, रीत सांगा!

समाजाची प्रगती कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न आमच्या सभांतून वारंवार विचारला जातो. कोणी पदवीधरांची संख्या सांगतो, कोणी बांधून झालेले विहार मोजतो, तर कोणी जयंतीच्या मिरवणुकीची लांबी अभिमानाने वर्णन करतो. ही मापे खोटी आहेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु अलीकडे मला एक निराळेच माप सापडले आहे, आणि ते एका पंधरा वर्षांच्या मुलीने मला दिले. रात्री आठ वाजता वस्तीतील एखाद्या मुलाचे गणित अडले, तर ते विचारण्यासाठी त्याला किती पावले चालावे लागते, हे ते माप होय. या मापाने आपण अद्याप कोठे उभे आहोत, हे या पाक्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, आमची वस्ती आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ही मुलगी वही छातीशी धरून माझ्या दारात उभी राहिली. तिचे वडील डाळ मिलमध्ये हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. ती दहावीला आहे. वकिलाकडे लोक येतात ते जामिनासाठी, जागेच्या तंट्यासाठी, नाही तर जातीच्या दाखल्यासाठी. ही आली होती दोन उदाहरणांसाठी. एक बीजगणिताचे व दुसरे भौतिकशास्त्राचे.

"वकील काका, तुम्ही लय शिकलेले हा," ती म्हणाली, "मले एवढं सांगून द्या ना."

पहिले उदाहरण असे होते : एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली असता येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर मूळ संख्या कोणती? पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले होतेच : ३६. मी मोठ्या आत्मविश्वासाने पेन उघडले. दशकस्थानचा अंक 'क्ष' व एककस्थानचा 'य' मानू, असे म्हणून मी संख्या मांडली : १०क्ष + य. तिने लगेच विचारले, "दहानं कायले गुणलं?" आणि मी, ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी हा सारा अभ्यास करून त्याची परीक्षा दिली होती, तो मी उत्तरलो, "तसेच करायचे असते. पुस्तकात तसेच दिले आहे."

हे शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ते खटकले. पुस्तकात दिले आहे म्हणून! पिढ्यान् पिढ्या आमच्या वाडवडिलांना जे उत्तर मिळत आले, तेच उत्तर मी एका बौद्ध घरातल्या मुलीला दिले होते. पाणवठ्यावर का जायचे नाही? ग्रंथात तसे आहे म्हणून. देवळात का शिरायचे नाही? तसेच करायचे असते म्हणून. ते ग्रंथ आम्ही टाकले, आणि त्यांच्या जागी उत्तरसूची आणून ठेवली काय?

दुसरे उदाहरण दगडाचे होते. सेकंदाला ४९ मीटर वेगाने सरळ वर फेकलेला दगड किती उंच जाईल? सूत्रात आकडे घालून तिने १२२.५ मीटर हे उत्तर बरोबर काढले होते. तिची अडचण उत्तराची नव्हती. ती म्हणाली, "वरच्या टोकाले गेल्यावर दगडाचा वेग शून्य होते. मंग त्वरण बी शून्य व्हाले पायजे ना? अन् पुस्तकात त थे ९.८ च ठेवलं हाये." मी वही उलटसुलट करून पाहिली. मला काहीच सांगता येईना. शेवटी, शिकवणीला जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला विचार, किंवा मोबाईलवर पाहा, असे काहीसे मी पुटपुटलो. त्यावर तिने जे सांगितले, तेच मी या लेखाचे शीर्षक केले आहे.

"उत्तर त मोबाईलमंदी बी भेटते, काका. उत्तर नको मले. थे कसं येते, थे सांगा."

मला आठवले की, दोन गल्ल्या सोडून राहणारा एक मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याने ओट्यावरचा एक खडा उचलला व वर फेकला. तो म्हणाला, वरच्या टोकाला क्षणभर वेग शून्य होतो, हे खरे. पण त्याच क्षणी त्वरणही शून्य झाले, तर पुढे वेग बदलणार कसा? तो शून्यच राहील आणि खडा अधांतरी लटकून राहील. खडा खाली आला, याचा अर्थ पृथ्वीची ओढ त्या क्षणीही चालूच होती. मुलीने स्वतः तो खडा दोनदा वर फेकून पाहिला आणि वहीत एक ओळ लिहिली. नंतर त्याने तिला छत्तीस म्हणजे तीन दहा आणि सहा, त्रेसष्ट म्हणजे सहा दहा आणि तीन, असे मांडायला लावले. दहाने का गुणायचे, हे तिला सांगावेच लागले नाही. तिनेच ते त्याला सांगितले. एका संख्येतून दुसरी वजा केली की दोन अंकांतील फरकाची नऊपट उरते, सत्तावीसला नऊने भागले की फरक तीन येतो, आणि बेरीज नऊ व फरक तीन असलेले अंक म्हणजे सहा आणि तीन, हे तिने पुढे एकटीने केले. या सर्वाला पंधरा मिनिटे लागली.

परत येताना मी पावले मोजली. तिच्या घरापासून त्याच्या ओट्यापर्यंत ती दोनशेही भरली नाहीत. तरीही ही दोन मुले एकमेकांना ओळखत नव्हती. आणि त्या दोन घरांच्या मधोमध काय आहे? आमचा विहार आहे. तेथे फरशी आहे, दिवे आहेत, पंखे आहेत, बाबासाहेबांची तसबीर आणि तथागतांची मूर्ती आहे. आणि दाराला कुलूप आहे. रविवारच्या वंदनेला, पौर्णिमेला व जयंतीला ते निघते, एरवी नाही.

या प्रसंगात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. विद्यार्थ्याचे उदाहरण अडणे ही रोजचीच गोष्ट नव्हे काय? होय, रोजचीच आहे. म्हणूनच ती गंभीर आहे. परीक्षेच्या दिवशी सर्वांना प्रश्नपत्रिका एकच मिळते. मग ज्याला गुण अधिक तो गुणवान आणि ज्याला कमी तो मंद, असा निवाडा दिला जातो. परंतु ती प्रश्नपत्रिका येण्यापूर्वीच्या शेकडो संध्याकाळी सर्वांना सारख्या मिळालेल्या असतात काय? ज्या घरात आई शिक्षिका आहे अथवा वडील अभियंते आहेत, तेथे अडलेले उदाहरण जेवणाच्या ताटावरच सुटते. ती मदत कोणी मदत म्हणून मोजत नाही. तिचा हिशेब कोठे ठेवला जात नाही. आणि तिचे फळ मात्र 'गुणवत्ता' या नावाने बाजारात चालते. ज्या घरात शाळेचे तोंड पाहणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे मूल विचारणार कोणाला? त्याने दोनशे पावलांवरील शेजाऱ्याला विचारले, तर ती मात्र 'मदत' ठरते, आणि पुढे राखीव जागेवर प्रवेश मिळाला, तर ती 'मेहेरबानी' ठरते.

अकोला हे सबंध वऱ्हाडात शिकवण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. बुलढाणा व वाशिम जिल्ह्यांतूनही मुले वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी येथे खोल्या घेऊन राहतात. शिकवणी घेणाऱ्यांशी माझे वैर नाही. त्यांच्यात उत्तम शिक्षकही आहेत. पण जे ज्ञान शाळेच्या फळ्यावर मिळावयास हवे, ते फीच्या पावतीवर मिळू लागले की फळा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

'पुन्हा' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविला आहे. एके दिवशी शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. तत्क्षणी वर्गात गोंधळ उडाला. स्पृश्य मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापाशी गेला तर ते विटाळतील, म्हणून मुले धावली, डबे बाजूला केले गेले, आणि मग त्या मुलाला खडू हाती घेता आला. त्याला ते उदाहरण सोडविता येते की नाही, हा प्रश्न तेथे कोणाच्या मनातच नव्हता. १९०७ साली त्याच शाळेतून तो मॅट्रिक झाला. आज फळ्यामागे डबे नाहीत. कायद्याने आणि आमच्या संघर्षाने ते हलविले. परंतु डबे हलले म्हणून फळ्यावरचे उदाहरण आपोआप सुटत नाही. त्यासाठी शेजारी उभे राहून रीत सांगणारा कोणी तरी लागतो.

बाबासाहेबांना तो लाभला होता, हे आपण विसरतो. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब दाटीने राहत असे. त्या खोलीत सुभेदार रामजी सकपाळ मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासासाठी उठवीत. रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ होते. अस्पृश्यतेचे चटके बसणाऱ्या त्या घरात पैसा नव्हता, जागा नव्हती. पण विचारायला माणूस होता. बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती, हे निर्विवाद. तथापि त्या बुद्धीच्या उशाशी जागणारा एक शिक्षक-पिता होता, हेही तितकेच खरे. आमच्या वस्तीतील हमालाच्या मुलीला असा पिता नाही, यात त्या हमालाचा दोष काय? तो दिवसभर पोती वाहतो म्हणूनच ती दहावीपर्यंत आली आहे. जे एका घरात नाही, ते सबंध वस्तीने मिळून पुरविले पाहिजे. 'समाज' या शब्दाला याहून वेगळा अर्थ असेल, तर तो मला ठाऊक नाही.

बाबासाहेबांनी स्वतः हेच केले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे अग्रभागी होते, व पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरूही झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. त्यांच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. विद्यार्थ्याची जी वेळ मोकळी, ती शाळेची वेळ. हा धडा आमच्याच परंपरेतला आहे. विहाराचे कुलूप मात्र विद्यार्थ्याची वेळ पाहून निघत नाही.

आता कायद्याकडे वळू. त्या रात्री मी कपाटातून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम काढला. २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा हा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. 'मोफत प्रवेश' एवढाच त्याचा अर्थ आमच्या लोकांना ठाऊक असतो. वस्तुतः त्यात याहून पुष्कळ आहे. कलम २४ असे सांगते की, प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून, आवश्यक तेथे त्याला जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यात कसूर करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. कलम २८ अन्वये शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित यांचा मिळून निदान एक शिक्षक असला पाहिजे व ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक असला पाहिजे, असे या कायद्याचे परिशिष्ट म्हणते. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, त्यांत वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा मिळाव्या लागतात, आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. तक्रार असेल तर कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे ती लेखी द्यावी. तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे कायदाच म्हणतो.

अडलेल्या मुलाला जादा शिकविणे हा उपकार नसून कायद्याने लादलेले कर्तव्य आहे, हे वाचून मला समाधान वाटले. परंतु ते क्षणभरच टिकले. ती मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि दहावीत आहे. हा हक्क चौदाव्या वर्षी व आठव्या इयत्तेपाशी थांबतो. ज्या वळणावर बीजगणित कठीण होते, भौतिकशास्त्रात सूत्रे येतात, आणि पुढे अकरावीच्या विज्ञान शाखेत मराठी माध्यमातील मुलाला 'त्वरण' सोडून इंग्रजी शब्दांशी झुंजावे लागते, नेमक्या त्या वळणावर मूलभूत हक्काचे दार बंद होते. मी तिच्यासाठी कोणत्या कलमाखाली अर्ज लिहिणार?

याहून जाचणारी गोष्ट दुसरीच आहे. तिची अडचण मुळात दहावीची नव्हतीच. छत्तीसमधील तिनाचे मोल तीस का, हे तिला लहानपणीच कळावयास हवे होते. सहावी-सातवीत, जेव्हा कायदा पूर्णपणे तिच्या बाजूचा होता, जेव्हा जादा शिकविण्याची मागणी करण्याचा हक्क तिच्या हाती होता, तेव्हा तो कोणी बजावला नाही. तिच्या आईवडिलांनी नाही, कारण त्यांना तो ठाऊक नव्हता. आणि मी नाही, ज्याला तो ठाऊक असावयास हवा होता. हक्क न बजावता मुदत टळू देणे, याचे दुष्परिणाम न्यायालयात मी रोज पाहतो. तोच प्रकार माझ्या गल्लीत घडत होता.

घटना परिषदेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम चर्चेस आले, तेव्हा ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करावे, अशी सूचना पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत राबविता येणार नाही, असे जर आपण म्हणतो, तर त्या वयापर्यंत त्याच्या शिक्षणाची सोय असलीच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिक्षणाची रेघ आखूड करू पाहणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी थांबविले. ती रेघ अठराव्या वर्षापर्यंत पुढे नेण्याची मागणी आज आपण करावयास नको काय? अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची राज्याने विशेष काळजी घ्यावी, असे अनुच्छेद ४६ सांगतो. आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. ही मागणी करण्यास आम्हाला भक्कम आधार आहे.

परंतु राज्याकडे मागणी केली म्हणजे आमचे कर्तव्य संपले, असे मात्र नव्हे. येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. काही तरुण म्हणतात, आता माणसाची गरजच काय? मोबाईलवर प्रश्नाचे छायाचित्र दाखविले की उत्तर येते, आणि आता तर पायऱ्याही येतात. यंत्राला माझा विरोध नाही. त्याने कित्येकांचे अडलेले सुटते, हे मी पाहिले आहे. पण ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर मिलमध्ये जातो, तेथे त्याचा उपयोग किती? आणि समजा, मोबाईल हाती असला, तरी पडद्यावरच्या पायऱ्या वहीत उतरविणे निराळे व त्या चढणे निराळे. तिने 'कायले?' विचारले की तिचा चेहरा पाहून, कोठे अडली हे ओळखून, खडा उचलून वर फेकणारा माणूस शेजारी लागतो.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही, धम्माचा आहे, असे मी का म्हणतो, तेही सांगतो. कोसल देशातील केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. 'ये आणि पाहा' असे सांगणारा हा धम्म आहे. शाळेच्या सर्व विषयांत या वृत्तीचा रोजचा सराव कोठे घडत असेल, तर तो गणितात व विज्ञानात. तेथे मोठ्यांचा शब्द चालत नाही; सिद्धता चालते. गुरुजींचे उत्तर चुकले असेल, तर शेवटच्या बाकावरील मुलगी ते फळ्यावर खोडू शकते, आणि त्यात कोणाचाही अवमान नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी शब्दप्रामाण्याचा त्याग केला. त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी समजून न घेता उत्तर उतरवून घ्यावे, हे त्या दीक्षेशी सुसंगत आहे काय? उतरवून घेतलेले उत्तर ही गणितातली पोथी आहे. रीत समजून सोडविलेले उदाहरण हीच खरी प्रज्ञा.

दूर देशीच्या आमच्यासारख्याच एका पीडित समाजाने हे ओळखले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपला संबंध जुना आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे नेते डू बॉईस यांना पत्र लिहिले होते. त्याच समाजातील बॉब मोझेस हे गणिताचे शिक्षक. १९६१ पासून मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी त्यांनी तुरुंग व मारहाण सोसली. पुढे आपल्या मुलीच्या शाळेत बीजगणिताची नीट सोय नाही असे दिसल्यावर ते स्वतः त्या वर्गात शिकवू लागले, आणि त्यातूनच १९८२ साली त्यांनी बीजगणित शिकविण्याची चळवळ उभी केली. २०२१ साली मृत्यू येईपर्यंत ते हेच सांगत राहिले की, मताचा हक्क जसा नागरिकत्वाचा प्रश्न होता, तसाच आजच्या काळात बीजगणित हाही नागरिकत्वाचा प्रश्न आहे. मतपेटीसाठी मार खाल्लेला माणूस पुढे खडू हाती घेतो, तो लढा सोडून नव्हे. लढा पुढे नेण्यासाठी.

मग आपण काय करावे? मोठ्या योजना मी सुचवीत नाही. प्रत्येक विहार आठवड्यातून निदान पाच दिवस संध्याकाळी सात ते नऊ उघडा राहावा. एक फळा व खडूची पेटी असावी. वस्तीतील जो मुलगा वा मुलगी दोन इयत्ता पुढे आहे, त्याने मागच्याला आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. अकरावीची मुलगी नववीला शिकवील, अभियांत्रिकीचा मुलगा अकरावीला. मुलींच्या पालकांना निर्धास्त वाटावे म्हणून महिला मंडळाच्या दोन भगिनींनी तेथे बसावे. त्यांना गणित आलेच पाहिजे असे नाही. एक वही ठेवावी आणि तीत हजेरीऐवजी न सुटलेले प्रश्न लिहावे. महिन्याअखेर ती वही शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे न्यावी, म्हणजे कोणत्या वर्गात काय शिकविले गेले नाही, याचा लेखी पुरावा आपोआप तयार होईल. त्यापुढचा अर्ज लिहिण्याचे काम आम्हा वकिलांचे. त्यासाठी फी घेणाऱ्याने बाबासाहेबांचे नाव घेऊ नये.

आणि एक नियम कटाक्षाने पाळावा : तेथे कोणीही कोणाला नुसते उत्तर सांगू नये. विचारणाऱ्यालाच फळ्याशी उभे करावे.

याला खर्च किती येईल? जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिवर्धकाचे एका रात्रीचे भाडे किती असते, ते आपल्या मंडळाच्या वहीत पाहावे आणि ज्याने त्याने हिशेब करावा. मिरवणूक बंद करा, असे मी म्हणत नाही. रस्त्यावरून ताठ मानेने चालणे हाही एके काळी आम्हाला नाकारलेला हक्क होता. दसऱ्यानंतर अकोल्यात धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाला लोटणारा समुदाय पाहून माझीही छाती भरून येते. पण त्या समुदायात जे शिकून मोठे झाले, नोकरीत लागले आणि नव्या शहरातील वसाहतींत राहावयास गेले, त्यांना मला विचारावयाचे आहे की, जुन्या वस्तीत तुम्ही आता कशासाठी येता? लग्नाला, मयताला आणि जयंतीला! १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा व्यक्त केली, ती आपल्याला लागू पडत नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय? मी म्हणू शकत नाही. मी तर वस्तीतच राहत होतो, आणि तरीही मला दोनशे पावलांवरची दोन मुले एकमेकांपाशी नेण्यास एवढी वर्षे लागली.

आमच्या विहाराचे दार आता संध्याकाळी उघडे असते. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. कारण कुलपाची किल्ली कोणाकडे असावी, यावर समितीत अद्याप वाद आहे. नऊ-दहा मुले येतात. ती मुलगी येते. परवा सातवीतल्या एका मुलाने तिला विचारले की, ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले तर उत्तर धन का येते? तिला ते सांगता आले नाही. 'पुस्तकात आहे' असे मात्र ती म्हणाली नाही. "मले बी नाई माहीत," ती म्हणाली, "उद्या दादा येते, त्याले विचारू." आणि तिने तो प्रश्न वहीत लिहून ठेवला. तिच्या परीक्षेचा निकाल काय लागेल, हे मी आज सांगू शकत नाही. पण हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य तिच्यात आले आहे, आणि ते माझ्यात त्या संध्याकाळी नव्हते.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या वस्तीच्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे आज रात्री विचारून पाहा.

जय भीम!